पळती वाळू

शनिवारी सकाळी पावणेअकराला जमीन हलली आणि ब्रॉनीने सवयीने आकडा धरला: तीन पॉइंट आठ. फार नाही. कपातल्या चहावर एक वर्तुळ उमटलं, भिंतीपलीकडून कुणी जड पेटी फरफटत नेल्यासारखा आवाज गेला, वरच्या मजल्यावरचा कुत्रा एकदाच भुंकला आणि स्वतःचीच लाज वाटल्यासारखा गप्प झाला. क्राइस्टचर्चमध्ये वाढलेलं माणूस अशा वेळी दाराकडे धावत नाही. ते आधी मनात आकडा धरतं आणि मग फोनवर खरा बघतं. फोन वाजलाच. डॅडचा मेसेज, शब्द नाहीत, फक्त ‘३.९?’. दोन मिनिटांनी खरा आकडा आला, तीन पॉइंट नऊ. डॅड बरोबर. डॅड नेहमीच बरोबर असायचा. एखाद्या दिवशी तर खोलीसुद्धा सांगायचा, आठ किलोमीटर, बंदराच्या बाजूला, आणि तेही बरोबर निघायचं. तळपायांनी जमीन वाचणारा माणूस. ब्रॉनीने फोन उलटा ठेवला. दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या आहेत हे तिच्या उशिरा लक्षात आलं; गेले तीन आठवडे सकाळी उठल्यावर जबडा दुखायचा तो यामुळेच. हलणाऱ्या जमिनीचा आकडा ज्याला दशांशापर्यंत सांगता येतो त्याला न हलणाऱ्या जमिनीबद्दल एक साधा आकडा विचारला, तर तो म्हणतो आठवत नाही.

एक वाजता तो येणार होता. तिनेच बोलावलं होतं. दर शनिवारी दोघं एकत्र जेवायची, कधी त्याच्या युनिटमध्ये, कधी तिच्या ॲडिंग्टनच्या फ्लॅटमध्ये. मम तिमारूला मावशीकडे राहायला गेल्यापासून हा नियम कधी मोडला नव्हता. आज तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: आजही तो आठवत नाही म्हणाला तर हा शेवटचा शनिवार. भांडायचं नाही. दरवाजे आपटायचे नाहीत. पुढच्या शनिवारी काम आहे म्हणायचं, त्याच्या पुढच्या शनिवारीही काम आहे म्हणायचं. काम काय, केव्हाही असतं. असं ठरवल्यावर हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काही झालं नाही. कानांच्या मागे ऊन लागल्यासारखं होत राहिलं. बाहेर ऑगस्टच्या हिवाळ्यातलं दहिवर अजून गवतावरून गेलं नव्हतं, हीटर कुरकुरत होता, आणि संगणकाच्या पडद्यावर हेरन प्लेस, ती खेळात उभी करत असलेली जुनी गल्ली, लाल अक्षरांत तिला सांगत होती की अमुक ओळीत काहीतरी चुकलं आहे आणि जग उघडता येत नाही.

चूक स्वल्पविरामाची होती. दोन आकड्यांमध्ये एक स्वल्पविराम राहिला होता, आणि त्यापायी नदी, काठ, चौदा प्लॉट, सगळं अडून बसलं होतं. तिने तो दिला. आता जग उघडलं. हे सगळं सेनीने लावून दिलेलं. सेनी फालेताऊ लहानपणची शेजारीण, कुंपणाच्या पलीकडची, आता ऑकलंडला मांगेरेत राहणारी. मे महिन्यात तिचा फोन आला होता, चार वर्षांनी. त्याआधीचा फोन तिचे वडील होलानी गेले तेव्हाचा. “आईला साठ होतायत सप्टेंबरात,” सेनी म्हणाली होती. “काय हवंय विचारलं तर म्हणते काही नको. मग भांडी घासताना हळूच म्हणते, एकदा आपल्या पत्रपेटीपर्यंत चालत जायचंय.” ती पत्रपेटी, ते घर, ती गल्ली, सगळंच भूकंपानंतर शहराच्या रेड झोनमध्ये गेलं होतं. सरकारने घरं पाडून तिथे गवत लावलं होतं. “मग तू ते ठोकळ्यांच्या खेळातलं करतेस का अजून?” सेनीने विचारलं. “आपण करायचो ते? कर की आपली गल्ली त्यात. मी तिला माझ्या लॅपटॉपवर फिरवून आणते. आमचं दार हिरवं होतं, विसरू नकोस, नाहीतर ती मलाच बोलेल.” ब्रॉनी म्हणाली, “जमिनीपासून करते.” “जमीन कोण बघायला येणारे, येडे?” सेनी हसली. “लोकांना घर हवंय आणि हिला खालचा चिखल!”

पण खाली काय आहे ते ठरवल्याशिवाय वर घर ठेवणं ब्रॉनीला जमेना. दोन वर्षं ती माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. जमीन तपासायला पाडलेल्या बोअरमधून आलेल्या नळ्या उघडायच्या, गाळ, वाळू, चिकणमाती असे थर नोंदवायचे, चाळण्या लावायच्या, वजनं घ्यायची. माणसं जमिनीच्या वर राहतात हे तिला अलीकडे जरा विचित्रच वाटायचं. म्हणून सपाट मैदान घेऊन त्यावर घरं रचण्याऐवजी ती जग कसं तयार होतं तेच शिकायला बसली. शिकवणारा एक अमेरिकन मुलगा होता, व्हिडिओत. तो प्रत्येक भागाची सुरुवात “चला दोस्तहो, आज आपण देव होऊ या!” अशी करायचा आणि तिला त्याचा गळा दाबावासा वाटायचा. तरी शिकवायचा चांगलं. जगातल्या प्रत्येक बिंदूला एक संख्या. संख्या शून्याच्या वर असेल तर तिथे दगड, खाली असेल तर हवा. उंची वाढेल तशी संख्या कमी होत जायची, म्हणून दगड खाली आणि आकाश वर. आणि हे सगळं पत्र्यासारखं सपाट दिसू नये म्हणून त्यात नॉइज मिसळायचा. शब्दाचा अर्थ गोंगाट, पण त्यात आवाज काही नाही. नुसते आकडे, मात्र शेजारशेजारचे आकडे एकमेकांना धरून राहणारे, एकदम उड्या न मारणारे. म्हणून टेकडी टेकडीसारखी चढते आणि ओढा ओढ्यासारखा वळतो. पहिल्यांदा तिच्या आकड्यांतून एक नदीकाठ उमटला तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभीच राहिली होती. कुणी न काढता वळलेली ती रेघ. तो आनंद खरा होता, आणि त्या आनंदाचाही तिला पुढे राग आला.

कारण सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. तोच आकडा पुन्हा दिला की तीच टेकडी, तोच ओढा, त्याच जागी तोच दगड. वरून बघावं तर सगळं आपोआप, सहज घडल्यासारखं. आत मात्र सगळं पहिल्या आकड्यालाच ठरून गेलेलं. हे समजलं त्या संध्याकाळी तिला शहराचं एक वाक्य आठवलं. भूकंपानंतरची चार वर्षं हे वाक्य तिने दुकानात, शाळेत, ममच्या मैत्रिणींच्या तोंडी, टीव्हीवर ऐकलं होतं: कुणाला ठाऊक होतं? खांदे उडवून म्हणायचं, मान हलवून म्हणायचं. कुणाला ठाऊक होतं. प्रयोगशाळेच्या भिंतीवर दीडशे वर्षांपूर्वीच्या मोजणीचा नकाशा होता, त्यावर त्यांच्या गल्लीच्या जागी सुंदर तिरप्या अक्षरांत ‘दलदल’ लिहिलं होतं. नकाशा काढणाऱ्याला ठाऊक होतं. दलदलीवर भराव टाकून जिने प्लॉट पाडले त्या कंपनीला, आता बंद पडलेल्या, ठाऊक नसेल कसं? पण कंपनीवर रागावता येत नाही. तिला चेहरा नसतो. राग चेहरा शोधत फिरतो, आणि तीन आठवड्यांपूर्वी, ब्रॉनीच्या वाढदिवसाच्या जेवणाला, त्याला तो सापडला.

त्या दिवशी डॅड खुशीत होता. नेव्ह पास्को आयुष्यभर जमिनीखालून सांडपाण्याचे पाइप घालत आला. गुडघे गेले म्हणून आता घरी. दोन बिअर पोटात गेल्या की त्याला जुनी कामं आठवायची. ब्रॉनीच्या ऑफिसातली दोघं-तिघं टेबलाला होती, त्यांना तो रंगवून सांगत होता. “सकाळी चर खणला, पाइप टाकला, डब्याला बसलो. परत येतो तर चर कुठाय? दोन्ही बाजू पळाल्या! पळती वाळू म्हणतो आम्ही तिला. बघता बघता आत येते, पाण्यासकट, खीर ओतल्यासारखी. आणि आमचा पाइप, राव, वर तरंगतोय! बदकासारखा! आमचा मुकादम त्याला धरायला उतरला तो कमरेपर्यंत गेला. वर यायला तयार, बूट यायला तयार नाहीत. शेवटी मोजे घालून घरी गेला, बायकोने दारातच विचारलं, कुठे पोहायला गेलावतास?” सगळी हसली. ब्रॉनीही हसली. मग डॅड म्हणाला, “त्या गल्लीत तर आम्ही तीन पंप...” आणि थांबला. कुणाच्या लक्षात यावं एवढाही तो थांबला नाही. ग्लास उचलला, मिशी पुसली. ब्रॉनीने विचारलं, “कुठल्या गल्लीत?” तो म्हणाला, “आठवत नाही गं. कितीतरी गल्ल्या केल्या.” आणि त्याने केकची सुरी तिच्या हातात दिली. तिने केक कापला, आणि ऑफिसातल्या एकाने त्याचा फोटोही काढला.

खेळातल्या नियमांचं असं असतं: ते वरून खाली वाचले जातात, आणि जो पहिला लागू पडेल तिथेच वाचन संपतं. तिने पहिल्या दिवशी गवताचा नियम सगळ्यात वर लिहिला होता, कुठलीही अट न घालता, आणि मग जिथे खणावं तिथे गवतच, पाताळापर्यंत हिरवळ. खालच्या थरांचे तिचे सगळे सुंदर नियम वाचलेच गेले नव्हते. डॅडचंही तसंच. सगळ्यात वर ‘आठवत नाही’, अट काही नाही. वाढदिवसानंतर तिने तीनदा मेसेज केला होता. मला खेळासाठी आकडा हवाय, हेरन प्लेसमध्ये वाळू किती खोल होती? आपल्या गल्लीचं एकही बोअर नोंदलेलं नाही. तिन्ही वेळा तेच. आठवत नाही गं. जुनी गोष्ट. शाळेजवळचं बोअर बघ की. शाळेजवळच्या बोअरमध्ये वाळू तीन मीटरवर होती. तिने नाइलाजाने तीन लिहिलं, आणि तो आकडा लिहिताना तिला एखाद्या कागदावर दुसऱ्याच्या खोट्याखाली आपण सही करतो आहोत असं वाटलं.

तीन लिहूनही एक घोळ झालाच होता. खेळात मुळातच ज्या गुहा असतात त्या तिने काढून टाकल्या नव्हत्या. त्यामुळे वाळूच्या थराखाली पोकळ्या, आणि वाळू त्यांच्यावर अधांतरी. खेळात वाळू तयार होते तशी हवेत उभी राहते. शेजारचा एखादा ठोकळा हलला की मगच तिला आपण वाळू आहोत हे आठवतं. ब्रॉनीला हे माहीत नव्हतं. गेल्या रविवारी दुपारी ती आपल्या नव्या गल्लीत उतरली, जिथे त्यांचं अंगण असणार तिथे उभी राहिली, हिरवं गवत, पलीकडे नदी, आणि सहज म्हणून तिने पायाखालचे दोन-तीन ठोकळे उपसले. अंगण गेलं. मग कुंपणाची जागा, मग फालेताऊंचा प्लॉट, सरसर एकामागून एक, गल्लीच्या टोकापर्यंत. सगळं स्वच्छ आवाज करत खड्ड्यात बसलं. माऊसवरचा हात काढून ती पडद्याकडे बघत राहिली. घाबरली नव्हती. संताप आला होता, आणि तोही असा की तिला प्रथम हसू फुटलं. किती सोपं केलंय या लोकांनी! वाळू खाली पडते, एवढंच खेळाला माहीत. वाळू वर येते हे क्राइस्टचर्चच्या पोरांना माहीत आहे.

मोठ्या भूकंपाच्या दिवशी ती बारा वर्षांची होती. शाळेच्या मैदानातून सेनी आणि ती घरी चालत निघाल्या, फेब्रुवारी, ऊन, आणि रस्ताभर करडं पाणी. जमिनीतून छोटे छोटे ज्वालामुखी उकळत होते, आवाज न करता. तोंडातून थुंकी यावी तशी करडी वाळू वर येत होती, पसरत होती, साचत होती. सेनीचा एक बूट त्यात गेला तो गेलाच. वास आठवतो, बंद डब्यात राहिलेल्या पाण्यासारखा. थंडपणा आठवतो: वर ऊन आणि पोटऱ्यांभोवती गार, जड, ओलं काहीतरी, पकडून ठेवणारं. घरं पडली नव्हती, नुसती खचून वाकडी बसली होती, पंगतीतून उठता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी. सगळी मोठी माणसं रस्त्यात उभी राहून त्या करड्याकडे बघत होती. मिसेस फालेताऊ, सेनीची आई मेलिएनी, तोंडावर हात धरून. मम रडत. होलानी, सहा फूट दोन इंच, गुडघाभर चिखलात, म्हणत होता, “नेव्ह, हे काय आहे? नेव्ह, हे कुठून येतंय?” आणि डॅड. डॅडच्या हातात फावडं होतं, आणि तो त्या वाळूकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघत होता. बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यावर ‘हे काय?’ होतं. त्याच्या चेहऱ्यावर ‘आलीस का?’ होतं. तिने हे तेव्हा पाहिलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला दिसतं सगळं, नाव देता येत नाही. पुढे तेरा वर्षं तो चेहरा तिच्यात कुठेतरी पडून राहिला, आणि बदकासारखा पाइप तरंगला त्या क्षणी वर आला.

त्याच्याही मागचं एक होतं. ती सहा वर्षांची, कुंपणाच्या आडव्या फळीवर बसलेली, हातात आइस ब्लॉकची कांडी वितळत होती. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर एक अनोळखी, अवाढव्य टोंगन माणूस त्याच्या बायकोबरोबर उभा होता, आणि बायकोच्या कडेवर एक पोर. तीच सेनी, कडेवर बसण्याइतकी लहान नव्हती पण हट्टाने बसलेली. माणूस लाजत लाजत डॅडला विचारत होता की ही जागा कशी आहे. डॅड कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, “घे रे घे, डोळे मिटून घे. मी स्वतः खणलंय इथे.” मी स्वतः खणलंय. त्या माणसाचा चेहरा उजळला. ज्याने खणलंय त्याच्यापेक्षा जमिनीबद्दल जास्त कुणाला कळणार? त्याने डॅडचा हात दोन्ही हातांत घेतला. ही आठवण इतकी वर्षं ब्रॉनीच्या सुखाच्या आठवणींत होती, मैत्रीण मिळाली तो दिवस म्हणून. आता तीच आठवण हातात घ्यावी तर खाली ओल लागत होती. आणि होलानी ऑकलंडमध्ये गेला, कोल्ड स्टोअरेजमध्ये शिफ्टा करून करून गेला, तेव्हा डॅड मातीला गेला नव्हता. गुडघे दुखतात म्हणाला. विमानात गुडघ्यांचं काय काम, असं मम फोनवर म्हणाली होती, आणि तेव्हा ब्रॉनीने ममलाच झापलं होतं.

एकला पाच कमी असताना तो आला, कागदी पिशवीत सॉसेज रोल घेऊन, दारात पाय पुसत. “तीन पॉइंट नऊ,” तो म्हणाला. “पाहिलंस ना? तू कितीचा आकडा धरलावतास?” “आठ,” ती म्हणाली. “जवळ होतीस,” तो खुशीत म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून पिशवी हळूच ओट्यावर ठेवली. “बरं नाही का गं?” “बरी आहे. आधी बघ, मग खाऊ.” त्याने चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली, गुडघ्यांतून कट् असा आवाज झाला. पडद्यावर हिवाळी उजेडातली ती गल्ली होती, रिकामी. नदीचं वळण, काठ, टोकाला रस्ता गोल होतो तो गोल, चौदा प्लॉटच्या खुंट्या. गुहा तिने काढल्या होत्या, आता पडत काही नव्हतं. त्याने मान पुढे करून पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. “वळण बरोबर आहे,” मग म्हणाला. “नदीचं. अगदी बरोबर.” “ते मी काढलं नाही. आकड्यांतून आपलं आपण आलं. मी नुसते आकडे बदलत बसले महिनाभर.” “घरं कुठायत?” “घरं नंतर. आधी जमीन.” “तुझ्या आईची लेक,” तो पुटपुटला. “कपाट घेताना तीसुद्धा आधी मागची बाजू बघायची.”

तिने त्याच्या हातात माऊस दिला. त्याच्या बोटांत तो साबणासारखा निसटत होता. दोनदा तो नदीत पडला, एकदा आकाशाकडे बघत गोल गोल फिरत राहिला. “अगं, धर मला, मी चाललो,” म्हणाला. दुसऱ्या कुठल्याही शनिवारी ती पोट धरून हसली असती. मग जमलं. आपल्या प्लॉटच्या खुंट्यांपाशी तो येऊन उभा राहिला, आणि तिने न सांगता खणायला लागला. मागच्या कोपऱ्यातून रस्त्याकडे, सरळ रेषेत, जिथे पाइप होता तिथेच. काही ठोकळे खोदले की थांबून मागे वळून बघायचा, रेघ सरळ आहे ना. उतार कुठे द्यायचा ते बोटाने पडद्यावर दाखवायचा, तिला नव्हे, स्वतःला. ती त्याच्या मागे उभी होती. त्याची मान दिसत होती, उन्हाने कायमची भाजलेली, सुरकुत्यांत पांढरी. या मानेचा तिला इतका राग आला की तिने हात पाठीमागे बांधून घेतले. मातीचा ठोकळा, गाळाचा ठोकळा, आणखी एक, आणि खाली पिवळट वाळू. खेळात करडी वाळू मिळत नाही. डॅड थांबला.

“चुकलंय,” तो म्हणाला.

“काय?”

“वाळू. फार खाली दाखवलीस.”

तो हे बोलून गेला आणि त्यानंतर त्याला ऐकू आलं. चुकीचं काम समोर दिसलं की त्याची जीभ थांबत नसे. रस्त्यात दुसऱ्या कुणी घातलेला पाइप दिसला तरी गाडी थांबवून तो सांगायचा, उतार उलटा दिलाय गाढवांनी. माऊसवरचा हात तसाच राहिला. हीटर कुरकुरला.

“शाळेजवळच्या बोअरमध्ये तीन आहे,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

“शाळेकडे जुना काठ आहे. उंच आहे ते. इकडे...” तो थांबला. ती थांबली. आठवत नाही म्हणेल, तिला वाटलं, आता म्हणेल, आणि मग संपेल. आणि त्या संपण्याची तिला किती भीती वाटते आहे ते त्या क्षणी तिला प्रथम कळलं, आणि त्याचाही संताप आला.

“दीड,” डॅड म्हणाला. “दीडवर होती. पावसाळ्यात त्याच्याही वर पाणी. तीन पंप लावले होते आपल्या गल्लीत. तीन पंप, आणि दोन्ही बाजूंना फळ्या.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“मी इंजिनिअर नव्हतो, ब्रॉन. साहेब लोकांना सांगितलं मुकादमाने. ते म्हणाले भराव टाकलाय वरून, चालतं. सगळे चालतं म्हणत होते. मी तर आपलं घरही तिथेच घेतलं ना? ठाऊक असतं तर घेतलं असतं?”

“मला विचारू नकोस. तू उभा होतास त्यात. मी नाही.”

त्याने चष्मा काढला. “उभा होतो,” म्हणाला. “आमची जागा म्हणून घेतली. हातून झालेली गल्ली. तुझी आई म्हणायची, नदी आहे. आणि वाळू, ती तर मी पुरली होती ना, वर माती टाकून. पुरलेलं पुरलेलं असतं असं वाटायचं.”

“आणि होलानीला काय सांगितलंस?”

तो चष्म्याची दांडी उघडत-मिटत राहिला.

“कुंपणावर टेकून. मी तिथे होते. मी फळीवर बसले होते, डॅड! मी स्वतः खणलंय इथे. मी स्वतः खणलंय म्हणालास तू त्याला! त्याने तुझा हात धरला होता!” तिला वाटत होतं आपण हळू बोलतो आहोत, वरचा कुत्रा भुंकायला लागला तेव्हा कळलं. “आणि मातीला गेला नाहीस. गुडघे!”

“चांगला शेजार हवा होता मला,” डॅड म्हणाला, अगदी साध्या आवाजात. “तो मनुष्य बघितला आणि वाटलं, हा शेजारी यावा. म्हणून म्हटलं.” मग थोड्या वेळाने: “खोटं नव्हतं ते. खणलं होतंच मी.”

कुत्रा थांबला. ती त्याच्या बाजूने खुर्चीशी वाकली, त्याच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला आणि फाइल उघडली. कंस, कंस, आकडे. तीनवर बोट ठेवलं. कानांच्या मागचं ऊन तसंच होतं. तो सांगेल आणि आपला राग जाईल असं तिला इतके दिवस वाटत होतं. राग गेला नव्हता, फक्त आता त्याला खोली होती, नोंदवता येईल अशी.

“दीड होत नाही यात,” ती म्हणाली. “ठोकळा मीटरचा आहे. अर्धा जात नाही. एक का दोन?”

“हं?”

“एक लिहू का दोन लिहू? सांग. मी नाही ठरवणार.”

दोन म्हणायला सोपं होतं. दोन म्हणजे जरा खाली, जरा कमी ठाऊक, साहेबांनी चालतं म्हणण्याइतकं. डॅड पडद्यावरच्या चराकडे बघत राहिला. त्याचा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, मातीचा कण चिमटीत घेऊन बघावा तसा.

“एक लिही,” तो म्हणाला.

तिने एक लिहिलं.

“पण हे आता इथे दिसणार नाही,” ती म्हणाली. “जी जमीन एकदा तयार झाली ती तशीच राहते. हे जग पुसून नवं करावं लागेल.”

“ही नदी?”

“नदी तीच येईल.”

तो मान हलवत राहिला, तिने ते जग पुसलं तरी. मग म्हणाला, “मेलिएनीला यात चालता येईल?”

“तिच्यासाठीच चाललंय ना सगळं.”

“आणि खणता?”

“येईल. तुला आलं तर तिला का नाही येणार?”

“मग ती खणणार,” डॅड म्हणाला. “पत्रपेटी-बित्रपेटी राहू दे. पहिल्या दिवशी मागे जाऊन खणेल ती. बटाटे. घरात सामान लागायच्या आधी तिने बटाटे लावले होते.” तो हसल्यासारखा झाला, आणि ते पुढे गेलं नाही. “एक ठोकळा काढला की वाळू लागेल तिला.”

“लागेल.”

तो खुर्चीवरून उठला नाही. सॉसेज रोल ओट्यावर गार होत होते. ब्रॉनीने तिचा फोन, ज्यात सेनीचा नंबर होता, टेबलावर होता तिथेच राहू दिला. पुढे सरकवला नाही. डॅडने जरा वाट पाहिली, कदाचित तिने सरकवावा म्हणून. मग जॅकेटच्या आतल्या खिशातून स्वतःचा काढला, चष्मा पुन्हा लावला, आणि जाड बोटाने नावं वर सारत गेला, एकेक. फालेताऊंचा नंबर त्याच्याकडे आहे, इतकी वर्षं होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

“तिने खणायच्या आधी मीच सांगतो,” तो म्हणाला, आणि पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर त्याने फोन कानापासून थोडा लांब धरला, कुणी ओरडणार असेल तर धरतात तसा.